सूर्याची वामकुक्षी

राजकोटमध्ये दुपारी एक ते चार या वेळात सहसा कुणी मरत नाही. मेलाच, तर घरचे चारनंतर कळवतात. मी जन्माने, धंद्याने आणि झोपेने राजकोटचा, त्यामुळे यात हसण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलेलं नाही. एक वाजला की मेन स्विचचं हँडल खाली, शटर खाली, घरी जाऊन रोटली-शाक, वर छाश, म्हणजे ताक, आणि आडवं. चार वाजता सगळं पुन्हा वर. गुंदावाडीतल्या माझ्या दुकानात मी चाळीस वर्षं हेच केलं. दुकान स्विचचंच होतं, म्हणजे दिवसभर स्विच विकायचे आणि एक वाजता स्वतःचा बंद करायचा. माणसाला आणखी काय हवं असतं?

मग केतनने, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, दुकान हातात घेतलं आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. ती माझ्या स्विचांपेक्षा दसपट खपतात. 'बापुजी, आता तुम्ही आराम करा,' असं तो म्हणाला. हे वाक्य म्हाताऱ्याला प्रेमाने ऐकवलं की त्याचा अर्थ 'आता कशालाही हात लावू नका' असा होतो. घरात पाहिलं तर टीव्हीचा रिमोट नातीकडे, गीझरचं बटण सूनबाईंकडे, आणि स्वयंपाकघरातलं सगळं जसुमतीकडे, माझ्यासकट. चालू-बंद करण्यासारखं एकही यंत्र माझ्या अखत्यारीत उरलं नव्हतं.

अशा वेळी केतनने गच्चीवर सोलर बसवला.

कंपनीची माणसं आली, आठ पॅनेलं मांडवासारखी उभी केली, मांडवाच्या मागच्या पायाला एक राखाडी प्लास्टिकची पेटी ठोकली. तिच्यावर मुखवासाच्या डबीच्या झाकणाएवढी एक चकती.

"हँडल कुठंय?" मी विचारलं.

"काका, ही चकती फिरवायची," त्यांचा मुख्य म्हणाला. "पण तुम्ही फिरवू नका."

फिरवायची आणि फिरवू नका. मी आयुष्यभर स्विच विकले. असा उपदेश करून एकही विकला नाही. माझ्या माळ्यावर दुकानातला शेवटचा नग जपून ठेवलेला होता: बिडाची पेटी, लाल मुठीचं हँडल, आत तांब्याची जाडजूड पाती आणि चिनीमातीचे फ्यूज. एके काळी अशाने आख्खा तेलाचा घाणा बंद व्हायचा. चार दिवसांनी, पहाटे अंधार असताना, मी ते खेळणं उतरवलं आणि माझा नग चढवला. अंधारात काम केलं ते केतनने पाहू नये म्हणून. सूर्य उगवण्याआधी पॅनेलांत वीज नसते, हे शहाणपण त्यामागे होतं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

केतनला आठवड्याने दिसलं.

"बापुजी, हे काय लावलंत?"

"स्विच."

"आणि आधी काय होतं?"

"लाजिरवाणं काहीतरी."

त्याला स्विचांतलं कळत नाही, त्यामुळे तो गप्प बसला. "बरं, पण त्याला हात लावू नका," एवढंच म्हणून तो जेवून झोपला, कारण एक वाजून गेला होता.

आता मला सांगा, राजकोटमध्ये दुपारी एक ते चार काम करणारी वस्तू टिकेल का? भर उन्हात, सूर्य डोक्यावर आग ओकत असताना, ती आठ पॅनेलं बिचारी तापत राहणार आणि आपण खाली पंख्याखाली घोरणार? मला ते माणुसकीला धरून वाटेना. तेव्हा रोज एक वाजता मी पाखरांना चण, म्हणजे दाणे, टाकायला म्हणून गच्चीवर जायचो आणि हँडल खाली ओढायचो. चार वाजता पुन्हा चण, पुन्हा हँडल वर. आमच्या गच्चीवरची कबुतरं त्या वर्षी इतकी गुबगुबीत झाली की त्यांना कठड्यावरून उडायचा कंटाळा येऊ लागला.

हँडल ओढायची माझी एक रीत होती. हळू. अगदी सावकाश, मान राखून. खटकन बंद करणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. आणि मी असं अदबीने हँडल उतरवू लागलो की पेटीच्या फटीतून एक निळी ज्योत दिसायची, फर्र आवाज करायची आणि मावळायची. दुकानातल्या स्विचात असं कधी व्हायचं नाही. मला वाटलं, सूर्य सलाम करतोय. पुढच्या महिन्यांत तो सलाम लांबत गेला. मला वाटलं, ओळख वाढतेय.

एका रात्री जेवताना केतन म्हणाला, "बापुजी, काहीतरी गडबड आहे. शेजारच्या गोरधनभाईंची पण आठच पॅनेलं, पण त्यांची वीज आपल्या दुप्पट निघते."

"गोरधनभाई खोटं बोलतात," मी म्हणालो. गेली तीस वर्षं माझं हे मत आहे आणि ते कधी वाया गेलेलं नाही.

"मीटर खोटं बोलत नाही. मी जल्पाला बोलावलंय, रविवारी चार वाजता. ती बघेल."

जल्पा माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. अहमदाबादेत सोलरची तपासणी करते. लोकांच्या गच्चीवर चढून त्यांचे दोष काढायचा तिला पगार मिळतो. आमच्या घराण्यात हे काम बाकीचे सगळे फुकट करतात.

"आणि बापुजी," केतन आमटीत बघत म्हणाला, "तिने जर तुमच्या त्या डब्यात खोट काढली, तर तो उतरवायचा. आणि गच्चीला कुलूप. कबुतरांना आम्ही बघू."

माझ्या हातातली रोटली तशीच राहिली. माणसाकडून दुकान गेलं, रिमोट गेला, तो काही बोलला नाही; पण दिवसातून दोन वेळा तरी एखादी गोष्ट त्याच्या हाताने चालू आणि बंद व्हावी की नाही? ते हँडल गेलं तर मी घरात नुसता असणार होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा, त्याचंही पान कुणीतरी उलटतं.

रविवारी पहाटे मी गच्चीवर जाऊन माझ्या स्विचला आंघोळ घातली. पाती पॉलिश कागदाने घासली. ती कडेला झिजून, वितळून, उंदराने खाल्लेल्या खाकऱ्यासारखी झाली होती. मला वाटलं, वयाने. वर भरपूर ग्रीस लावलं. लाल मूठ खोबरेलाने पुसली. मुलगी बघायला येणार म्हणून घर आवरावं तसा तो डबा मी आवरला.

एक वाजता विचार आला की आज राहू द्यावं. पण तपासणीला यायच्या दिवशीच सूर्याला राबवायचं आणि दमलेली पॅनेलं जल्पाला दाखवायची? मी वर गेलो. गच्चीवर जसुमतीने लोणच्याच्या कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून पसरल्या होत्या, आणि पावसाळ्याआधी ऊन दाखवायला घरातल्या सगळ्या गोधड्या कठड्यावर टाकल्या होत्या. खाली सगळं राजकोट झोपलेलं. मी लाल मूठ धरली आणि नेहमीपेक्षाही हळू, जवळजवळ गाणं म्हणत, हँडल खाली घेतलं.

सलाम आला. आणि गेलाच नाही.

हँडल पूर्ण खाली होतं. पेटीच्या फटीत मात्र निळं-पांढरं काहीतरी उभं राहून गुणगुणत होतं, तापलेल्या तेलात ओला चमचा पडल्यासारखं, पण न थांबता. आतलं बेकेलाइट, म्हणजे जुनं कडक प्लास्टिक, जळल्याचा वास आला. पेटीवरच्या रंगाला फोड आले. मी हँडलकडे पाहिलं, खाली. ज्योतीकडे पाहिलं, चालू. चाळीस वर्षांत कुठल्याही स्विचने मला असं उलट उत्तर दिलं नव्हतं.

मी केतनला हाक मारली. पण दुपारी सव्वा वाजता कुणी ओरडतं का? म्हणून हळू आवाजात मारली. "केतन..." असं मी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून कुजबुजलो. "केतन, बेटा, आग लागलीय..." कुणी उठलं नाही. अशा आवाजात मी स्वतः उठलो नसतो. कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याचा फोन वाजत राहिला. तोही राजकोटचाच.

तेवढ्यात शेजारून खोकल्याचा आवाज आला. गोरधनभाई. त्यांची खाट खिडकीला लागून आहे आणि खिडकी थेट आमच्या पॅनेलांच्या खालच्या मोकळ्या जागेकडे बघते. त्या जागेतूनच माझी पेटी दिसते. त्यांनी एक डोळा उघडून ती झळाळी पाहिली, तर चार वाजता सोसायटीत वर्गणी काढून बातमी वाटली जाणार होती. आणि जल्पाला कोण सांगणार होतं? तेच.

इथे मी काय केलं ते नीट ऐका, कारण पुढे याला माझं प्रसंगावधान म्हटलं गेलं. मी कठड्यावरची सगळ्यात जाड गोधडी उचलली आणि गोरधनभाईंना पेटी दिसू नये म्हणून पडद्यासारखी लावली: वरचा भाग पॅनेलांवर पसरायचा, खालचा कडेवरून लोंबता सोडायचा. एका गोधडीने भागेना, दुसरी टाकली. तिसरी. वारा होता म्हणून त्या वर, पॅनेलांवर, चांगल्या ताणून घेतल्या आणि कुंड्या ठेवून दाबल्या. पाचवी टाकत होतो आणि मागून 'फट्' असा आवाज झाला. गुणगुण थांबली. मी वाकून पाहिलं. अंधार, धूर, वास. ज्योत नाही.

हँडलने आज जरा वेळ घेतला, असा मी निष्कर्ष काढला. वय झालंय त्याचं. पण शेवटी ऐकलं.

मग मला आठवलं की चार वाजता जल्पा येणार. माळ्यावर रुपेरी रंगाचा अर्धा डबा होता. उरलेली दुपार मी झोपलो नाही. जन्मात पहिल्यांदा. पेटी गार झाल्यावर तिचे फोड खरवडून मी तिला नखशिखांत रुपेरी करून टाकलं. चांदीच्या बाजारात ठेवली असती तर चांदी म्हणून विकली गेली असती.

पावणेचारला जसुमती कैऱ्या उलटायला वर आली.

"ऐकलंत का? माझ्या गोधड्या सोलरवर कुणी टाकल्या?"

"मी."

"का?"

"त्यांना ऊन लागत होतं."

"कुणाला?"

"पॅनेलांना."

जसुमतीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही विचारत नाही. तारीख लक्षात ठेवते.

चार वाजता जल्पा आली. हेल्मेट, जाड हातमोजे, खांद्याला पिशवी. पायाला हात लावून म्हणाली, "मामा, तब्येत काय म्हणते?" आणि उत्तर न ऐकता वर गेली. मागोमाग केतन, जसुमती आणि मी, आरोपी असतो तिथे, म्हणजे मध्ये.

"येता येता खालचा इन्व्हर्टर, पॅनेलांच्या विजेची घरची वीज करणारं यंत्र, बंद केलाय मी," ती म्हणाली. "गोधड्या असू देत." तिने हातमोजा काढून पेटीला बोट टेकवलं. बोट रुपेरी झालं. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे. माझं नाकही रुपेरी होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"मामा, हा रंग आजच आलाय का?"

"दिवाळीची तयारी," मी म्हणालो. वैशाख चालू होता.

तिने मोजे चढवले, मोजायचं यंत्र लावलं, मग पेटी उघडली. पात्यांच्या जागी तांब्याचे दोन काळे थेंब लोंबत होते. ग्रीसचा कोळसा झाला होता. केतनच्या तोंडून 'अरे' एवढंच निघालं.

"मामा, हे तुम्ही कधी कधी बंद करायचात?"

"रोज."

"रोज? केव्हा?"

"एकला. चारला चालू."

"रविवारी पण?"

"सूर्याला कुठं रविवार असतो?"

केतन कपाळाला हात लावून कठड्यावर बसला. कैरीच्या फोडींवर बसला, म्हणून लगेच उठला. "म्हणजे रोज तीन तास... बापुजी, सगळ्यात जास्त वीज तेव्हाच होते!"

हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. दुपारी एक ते चारच्या मध्ये जगात काही उपयोगाचं तयार होत असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती.

"ते जाऊ दे केतनभाई," जल्पा म्हणाली. "वीज गेली तर गेली. मामा, तुम्ही दुकानात विकायचात ते स्विच घरच्या विजेचे. ती वीज राजकोटची असते."

"म्हणजे?"

"म्हणजे ती झोपते. एका सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, डुलकी काढते, पुन्हा उठते. तुम्ही पाती उघडलीत की ठिणगी पडते, पण पुढची डुलकी लागली की तीही विझते. म्हणून तुमचे स्विच चाळीस वर्षं शहाण्यासारखे वागले. त्यात तुमचं कर्तृत्व नाही."

"बरं," मी म्हणालो. चाळीस वर्षं एका वाक्यात गेली.

"पॅनेलातली वीज झोपतच नाही. एका दिशेने वाहते ती वाहतेच. पाती जरा बाजूला केलीत की ती मधल्या हवेतून उडी मारते, हवेलाच तार करते. तिथे अंतर पटकन आणि भरपूर पडायला हवं. तिची ज्योत ओढून, तुकडे करून विझवायला आत खास कप्पे लागतात. तुम्ही काढून टाकलेल्या त्या चकतीत ते होते. आणि स्प्रिंग होती. माणूस कसाही फिरवो, पाती उघडायची ती स्प्रिंगच उघडते, एका झटक्यात. तुमच्या या डब्यात हाताचा जो वेग तोच पात्यांचा. तुम्ही कशी ओढायचात?"

मी नाकावरचा रंग पुसू लागलो.

"हळू ओढायचे," जसुमती म्हणाली. "सगळं हळूच करतात."

"मानाने ओढायचो," मी म्हणालो.

"मानाने!" जल्पाने कपाळाला हात लावला, तेही रुपेरी झालं. "रोज भर दुपारी, पूर्ण भारावर, मानाने! रोज थोडं तांबं खात गेली ती. त्यात तुम्ही ग्रीस घातलंत, म्हणजे नाश्ता पण दिलात."

"पण मग फ्यूज का नाही उडाला?" मला निदान एक प्रश्न तरी जाणकाराचा विचारायचा होता.

"फ्यूज जास्त करंटला उडतो. इथे करंट जास्त नव्हताच. होता तेवढाच, फक्त हवेतून जात होता. फ्यूजला काय कळणार? आणि उडाला असता तरी तुमचा उघड्या तारेचा फ्यूज. त्याच्या आतसुद्धा हीच ज्योत उभी राहिली असती. याला वाळू भरलेला, डीसीसाठी, म्हणजे या एका दिशेच्या विजेसाठी, बनवलेलाच लागतो." मग तिने पॅनेलांकडे पाहिलं. "आणि ही विझली कशी, ते मला सांगा. सूर्य असेपर्यंत ही बंद होत नाही."

"हँडलने," मी म्हणालो.

"हँडल खाली असतानाच तर लागली होती. गोधड्या कधी टाकल्यात?"

मी सांगितलं. गोरधनभाईंचा खोकलाही सांगितला, कारण जसुमतीने माझ्याकडे पाहिलं होतं.

"मामा, पॅनेलं झाकलीत म्हणून ती विझली. नाहीतर पेटी वितळली असती, मग केबल. केबल खाली कुठे जाते?"

केबल जिन्याशेजारून नातीच्या खोलीच्या खिडकीवरून जाते. तिथे नात तिच्या आईच्या कुशीत अजून झोपलेली होती. केतन खाली जाऊन खिडकी बघून आला आणि आल्यावर मला काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी आपणहून लाल मूठ सोडवली आणि जल्पाच्या पिशवीत टाकली.

"मामा, हे मला नको."

"मला दिसायला नको," मी म्हणालो.

नवा स्विच आला तो पुन्हा राखाडी, पुन्हा चकतीचा. जल्पाने त्याला छोटं कुलूप घालायची सोय करून घेतली. किल्ली कुणाकडे, असा प्रश्न निघाला. केतन कामावर असतो; सूनबाईंनी नकार दिला. जसुमतीने हात पुढे केला आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली.

पॅनेलं धुवायचा दिवस आला. धुणार कोण? केतनला वेळ नाही, कंपनीची माणसं दोनदा येतो म्हणून आली नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"किल्ली दे."

"कशाला?"

"पॅनेलं धुवायचीत."

जसुमती कणीक मळत होती. तिने वर पाहिलं नाही. "आधी काय?"

"आधी चकती फिरवायची."

"जा, बसा हॉलमध्ये."

मी जाऊन बसलो. पेपर वाचला. पुन्हा आलो.

"आधी इन्व्हर्टर बंद करायचा," मी म्हणालो. "भार काढून घ्यायचा. वाहणं थांबलं की मग वर जाऊन चकती. खटकन."

"खटकन तुम्ही नाही. स्प्रिंग."

"स्प्रिंग," मी मान्य केलं.

"आणि चकती मधेच अडकली, काही दिसलं, वास आला तर?"

"हात लावायचा नाही. लांब व्हायचं. ओरडायचं."

"कसं ओरडायचं?"

"मोठ्याने."

"ओरडून दाखवा."

मी दारात उभा राहून 'केतन!' असं ओरडलो. दुपारचा दीड वाजला होता. गोरधनभाईंची खिडकी उघडली, समोरच्या दोन उघडल्या, आतून नात रडत आली, आणि केतन बनियनवर धावत बाहेर येऊन "काय झालं? काय झालं?" करू लागला.

"काही नाही," जसुमती म्हणाली. कणकेच्या हातानेच तिने जुडग्यातली किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "त्यांची परीक्षा होती. झोपा तुम्ही."

मी इन्व्हर्टर बंद केला आणि वर गेलो. चकती फिरवली. टक्. निळं काही नाही, फर्र नाही, सलाम नाही. मी सवयीने थोडा वेळ उभा राहिलो.

"झालं का?" खालून जसुमतीने विचारलं.

"झालं बहुतेक," मी म्हणालो. "काहीच दिसलं नाही."

"मग बरोबर झालं," ती म्हणाली. "या आता, बादली घेऊन जा."